कायरोप्रॅक्टिक: पुरावा कुठवर आणि श्रद्धा कुठून पुढे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर झटका, 'कटकन' आवाज आणि लगेच हसत उठणारा पेशंट, असे व्हिडिओ आता घरोघरी पाहिले जातात, आणि त्यामागोमाग तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वाचताना दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा: हाताने केलेली क्रिया, आणि ती का चालते याबद्दल सांगितला जाणारा सिद्धान्त. बहुतेक गोंधळ या दोन्ही एकत्र धरल्यामुळे होतो. प्र. ९ मधलं एखादं लक्षण तुम्हाला असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांकडे जा.

प्र. १. कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय? मालिश आणि फिजिओथेरपीपेक्षा यात वेगळं काय?

मालिश स्नायूंवर होते. कायरोप्रॅक्टिकमधली मुख्य क्रिया सांध्यावर होते, बहुतेक वेळा मणक्यांमधल्या लहान सांध्यांवर. उपचार करणारा तो सांधा हालचालीच्या टोकापर्यंत नेतो, तिथे ताण धरतो आणि मग छोटा, वेगवान झटका देतो. झटका सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो, म्हणून पेशंटला तो स्नायू आवळून अडवता येत नाही. याला मॅनिप्युलेशन म्हणतात. सांधा सावकाश मागेपुढे हलवला, झटका दिला नाही, तर ते मोबिलायझेशन. त्यात पेशंट कधीही 'थांबा' म्हणू शकतो.

दोन्ही क्रिया फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथही (हाताने उपचार करणारा आणखी एक पंथ) करतात, त्यामुळे झटका ही कायरोप्रॅक्टरांची मक्तेदारी नाही. त्यांचं म्हणून जे वेगळं आहे ते सिद्धान्तात आहे (प्र. ३).

प्र. २. ही प्राचीन विद्या आहे का?

नाही. तिची जन्मतारीखच सांगितली जाते: १८ सप्टेंबर १८९५, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट गाव. डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा माणूस. आधी किराणा दुकान चालवायचा, नंतर 'चुंबकीय उपचार' करू लागला. हार्वी लिलार्ड नावाचा सफाई कामगार सतरा वर्षं बहिरा होता, वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि ऐकू येईनासं झालं, असं पामरने लिहिलं आहे. पामरने त्याच्या पाठीतला वर आलेला मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, ही या पंथाची मूळ कथा.

तिच्यात शरीररचनेची अडचण आहे. कानाकडून येणारी श्रवणाची नस कवटीच्या आतूनच मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून जात नाही.

१८९७ मध्ये पामरने शाळा काढली. मृतात्म्यांशी संवादावर त्याचा विश्वास होता आणि ही विद्या जिम अ‍ॅटकिन्सन नावाच्या दिवंगत डॉक्टरच्या आत्म्याकडून मिळाल्याचं त्याने स्वतःच नोंदवलं आहे. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्याला शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी तो तुरुंगात गेला. हा धंदा अमेरिकाभर वाढवला तो त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने.

हाताने हाडं-सांधे बसवण्याची कला मात्र याच्या कितीतरी आधीची आणि जगभरची आहे (प्र. १६).

प्र. ३. सबलक्सेशन म्हणजे मणका जागचा सरकणं ना? मग त्यात चूक काय?

हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि तिथेच फसगत होते. हाडांच्या डॉक्टरांच्या भाषेत सबलक्सेशन म्हणजे सांधा अर्धवट निखळणं. ते एक्स-रेत दिसतं, मोजता येतं आणि अनेकदा गंभीर असतं. अशा सांध्याला झटका देणं धोक्याचंच.

पामरचं सबलक्सेशन वेगळं. मणका किंचित सरकतो, नसेवर दाब येतो, शरीरातली 'जन्मजात बुद्धी' नसांमधून नीट वाहत नाही आणि म्हणून रोग होतो, अशी ती मांडणी. १९१० च्या ग्रंथात त्याने ९५ टक्के रोगांचं कारण सरकलेले मणके आणि उरलेल्या पाच टक्क्यांचं कारण इतर सांधे असं लिहून टाकलं. जंतू, आनुवंशिकता, कुपोषण यांना जागाच उरली नाही.

हे सबलक्सेशन शोधायला बसलं की अडतं. एकाच पेशंटची पाठ दोन अनुभवी तपासनिसांनी बोटांनी चाचपली तर कुठला मणका 'अडकलाय' यावर त्यांचं अनेकदा एकमत होत नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये जाहीर केलं की सबलक्सेशन हे आजाराचं कारण असल्याचा दावा करता येईल असा कुठलाही क्लिनिकल पुरावा नाही. त्यांच्याच नियामकाने दिलेली ही कबुली आहे, हे ध्यानात घ्या.

प्र. ४. पण आमच्या डॉक्टरांनीही 'मणक्यात गॅप आहे' सांगितलंय. तो गॅप झटक्याने भरून येईल का?

'गॅप' हा आपल्याकडच्या दवाखान्यातला सोयीचा शब्द आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटा असतो: दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, झिजून चपटी झालेली असते आणि मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. झटक्याने ही गादी पुन्हा फुगत नाही आणि झीज भरून येत नाही.

शिवाय हा 'गॅप' दुखण्याचं कारण असेलच असं नाही. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये. डिस्क फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होतं. केस पिकावेत तशी ही गोष्ट वयाबरोबर येते. म्हणून 'आधीचा आणि नंतरचा' एक्स-रे शेजारी लावून मणका सुधारल्याचं दाखवणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नका. उभं राहण्याची ढब किंचित बदलली तरी फिल्म वेगळी दिसते.

प्र. ५. आवाज आला म्हणजे हाड बसलं ना?

नाही. सांध्याभोवतीच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतो तोच हा आवाज. तो बुडबुडा फुटण्याचा असावा असं १९७१ पासून मानलं जात होतं. २०१५ मध्ये बोट ओढताना एमआरआय चित्रण केलं तेव्हा पोकळी तयार होण्याच्या क्षणाशी आवाज जुळला. तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही.

आवाज आला का, यावर आराम किती पडेल हे ठरत नाही. आवाज निघेपर्यंत पुन्हा पुन्हा झटके देणारा माणूस पेशंटसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी काम करतोय असं समजा.

प्र. ६. कंबरदुखीवर उपयोग होतो का? हो की नाही एवढंच सांगा.

होतो, पण माफक. आणि इतर चांगल्या उपायांपेक्षा जास्त होतो असं दिसलेलं नाही.

तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीवर ४७ चाचण्या आणि ९,२११ लोक यांचा आढावा २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या तुलनेत मॅनिप्युलेशनने वेदनेत साधारण तेवढाच फरक पडला. नव्या कंबरदुखीचा आढावा २०१७ मध्ये 'जामा' या दुसऱ्या नियतकालिकात आला. त्यातल्या वेदना मोजणाऱ्या १५ चाचण्यांत (१,७११ लोक) शंभराच्या पट्टीवर सुमारे दहा गुणांची घट दिसली, सहा आठवड्यांच्या आत. दहा गुण म्हणजे जाणवेल-न जाणवेल असा फरक. त्याआधी, २०१२ मध्ये, कोक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २० चाचण्या पाहून नव्या दुखण्यात खोट्या झटक्यापेक्षाही (तुलनेसाठी केलेलं नुसतं नाटक, प्र. ११) विशेष फायदा दिसत नाही असा निष्कर्ष निघाला होता. मधल्या काळात नव्या चाचण्या आल्या आणि चाचण्या निवडण्याचे निकषही वेगळे होते, म्हणून निष्कर्ष थोडे वेगळे आले.

मार्गदर्शक सूचना याच अंदाजाने लिहिल्या आहेत. उपचारांच्या सूचना काढणारी ब्रिटनची नाइस संस्था (२०१६) म्हणते, हाताने उपचार करा, पण व्यायामाची जोड असेल तरच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने (२०१७) औषधाविना करायच्या उपायांत त्याला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मॅनिप्युलेशनची सशर्त शिफारस केली आणि त्याच कागदात कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कणा ताणून धरणं) यांच्या विरोधात शिफारस केली. आपल्याकडे मात्र कंबर धरली की आधी पट्टाच आणला जातो!

प्र. ७. मान आणि डोकेदुखीचं काय?

मानदुखीवर २०१२ च्या एका चाचणीत २७२ प्रौढांचे तीन गट केले होते: मॅनिप्युलेशन, औषधं आणि घरी करायचे व्यायाम. बारा आठवड्यांनी मॅनिप्युलेशनचा गट औषधांच्या गटापेक्षा बरा होता. पण एकेक तासाच्या फक्त दोन शिकवण्या घेऊन घरी व्यायाम करणाऱ्यांचा गट त्याच्या बरोबरीने होता. मानेच्या झटक्याचा क्वचित येणारा पण गंभीर धोका (प्र. १०) हिशोबात धरला तर आधी व्यायाम करून पाहणं शहाणपणाचं.

मायग्रेनवर नॉर्वेत १०४ जणांवर तीन गटांची चाचणी झाली (२०१७). खरा झटका आणि खोटा झटका, दोन्ही गटांत मायग्रेनचे दिवस कमी झाले आणि दोघांत फरक दिसला नाही. म्हणजे झालेली सुधारणा झटक्याच्या नावावर जमा करता येत नाही.

प्र. ८. दमा, बीपी, बाळाचं पोट दुखून रडणं, रोगप्रतिकारशक्ती यांवर गुण येतो असं सांगतात. खरं आहे का?

इथे पुरावा संपतो आणि उरते ती प्र. ३ मधल्या सिद्धान्तावरची श्रद्धा.

दमा: १९९८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात दमेकरी मुलांवरची चाचणी आली. खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक पडला नाही. बाळाचा पोटशूळ: नॉर्वेतल्या २००१ च्या चाचणीत पालकांना आपल्या बाळावर उपचार झाला की फक्त उचलून धरलं होतं हे माहीत नव्हतं. दोन्ही गटांतली बाळं सारखीच सुधारली. पोटशूळ मुळातच तीन-चार महिन्यांत ओसरतो. प्रतिकारशक्तीचा दावा तर एवढा मोघम असतो की तपासायला घ्यायचं काय, हाच प्रश्न पडतो.

बीपीबाबत एक अपवाद दाखवला जातो. मानेच्या पहिल्या मणक्यावर उपचार करून आठ आठवड्यांत वरचं बीपी सरासरी १७ अंकांनी उतरल्याचं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. अभ्यासात लोक होते पन्नास. एवढ्याशा प्राथमिक अभ्यासावर बीपीची गोळी बंद करायची नसते. कुणी बंद करा म्हणालं तर तिथून उठा.

प्र. ९. कुणी झटका अजिबात घेऊ नये?

पुढीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, तेही वेळ न घालवता:

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा. ही पाठीच्या तळाच्या नसांवर दाब आल्याची खूण असते आणि ऑपरेशनला काही तास उशीर झाला तरी महागात पडू शकतं.

पाय किंवा हात दिवसेंदिवस कमजोर होणं. शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना पायातून चप्पल निसटणं आणि तोल जाणं अशा तक्रारी एकत्र असतील तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो.

संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मिळ नाही. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचू शकतो. कॅन्सर होऊन गेला असेल तरही हाच नियम.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ठिसूळ हाडं, बरेच महिने स्टिरॉइड घेतलेली माणसं, रक्त पातळ करणारी औषधं, आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस (यात मानेचे वरचे दोन मणके ढिले पडू शकतात), डाऊन सिंड्रोम, जुना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणके जखडवणारा संधिवात), मणक्याचं ऑपरेशन.

हे प्रश्न पहिल्या भेटीत न विचारता जो थेट टेबलावर झोपायला सांगतो, त्याच्याकडे झोपू नका.

प्र. १०. मानेला झटका दिल्यावर अर्धांगवायू होतो हे खरं, की नुसती भीती?

घडतं, पण क्वचित. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि पहिल्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात फिरवली तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते.

किती वेळा घडतं याचे अंदाज वीस हजार झटक्यांत एकापासून काही दशलक्षांत एकापर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे नेमका आकडा हाती नाही. कारण-परिणाम ठरवणंही अवघड. धमनीला आधीच चीर पडली असेल तर पहिलं लक्षण मानदुखीच असतं आणि माणूस तेवढ्यासाठीच उपचार घ्यायला जातो. कॅनडातल्या ओंटारियोत अशा प्रकारच्या ८१८ स्ट्रोकचा अभ्यास झाला (२००८). पंचेचाळिशीच्या आतल्यांत स्ट्रोकआधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्याचं प्रमाण जास्त होतं, पण फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आल्याचंही तसंच जास्त होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये यातून मधला मार्ग काढला: संबंध आढळतो, कारण सिद्ध झालेलं नाही, तरी मानेला झटका देण्याआधी पेशंटला हा धोका सांगितलाच पाहिजे.

पूर्वी कधी नव्हती अशी, एका बाजूची, अचानक सुरू झालेली मान किंवा डोकेदुखी असेल तर मानेला हात लावू देऊ नका. झटक्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं किंवा तोल जाणं यापैकी काही झालं तर 'थोडं पडून राहा' ऐकत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. स्ट्रोकवर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा आणि 'मानेला झटका दिला होता' हे स्वतःहून सांगा.

प्र. ११. मला तर पहिल्याच सिटिंगला फरक पडला. मग पुरावा माझ्या विरुद्ध का बोलतो?

तुमचा आराम कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो कशामुळे पडला. झटक्यानंतर काही काळ आसपासचे स्नायू सैल होतात आणि वेदनेची जाणीव कमी होते. हा परिणाम खरा आहे, पण थोडाच वेळ टिकतो. दुसरं, माणूस दुखणं शिगेला पोचल्यावरच उपचार घ्यायला जातो. तिथून ते उतरणारच असतं. नव्या कंबरदुखीत बहुतेकांना काही आठवड्यांत बराच आराम पडतो, उपचार कुठलाही असो. तिसरं, कुणीतरी वेळ दिला, हात लावला, 'काही घाबरण्यासारखं नाही' म्हणालं, यानेही दुखणं हलकं होतं.

खोटा झटका देऊन तुलना करतात ती यासाठीच. तरी गोळीच्या चाचणीइतकी ही तुलना नेटकी होत नाही. झटका देणाऱ्याला आपण खरं करतोय की खोटं हे कळतंच.

प्र. १२. किती सिटिंग पुरे? मला चाळीसचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलंय.

भरू नका. कुणाला किती बैठका लागतील हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांत चार ते सहा बैठका, प्रत्येकीचे पैसे वेगळे, एवढं ठरवा.

पहिल्या बैठकीआधी वहीत दोन गोष्टी लिहा: शून्य ते दहामध्ये दुखणं किती, आणि रोजचं एक काम जे आत्ता जमत नाही. उदाहरणार्थ, भारतीय पद्धतीच्या संडासातून हाताच्या टेकूशिवाय उठणं, भरलेली बादली न्हाणीघरापासून दारापर्यंत नेणं, दुचाकी मधल्या स्टँडला लावणं. चार आठवड्यांनी तेच पुन्हा तपासा. दुखणं निदान दोन अंकांनी उतरलं नसेल आणि कामही जमत नसेल तर उपचार बदला. 'अजून मणके पूर्ण बसले नाहीत' हे कारण चालणार नाही, कारण बसायचं असं काही नव्हतंच (प्र. ३, प्र. ५).

एक अपवाद नोंदवायला हवा. वारंवार उलटणाऱ्या कंबरदुखीच्या आणि पहिल्या उपचाराला चांगला प्रतिसाद दिलेल्या ३२८ जणांवर स्वीडनमध्ये चाचणी झाली (२०१८). ठरावीक अंतराने बोलावलेल्यांना, दुखल्यावरच येणाऱ्यांपेक्षा वर्षात सुमारे तेरा दिवस कमी त्रास झाला. त्यासाठी त्यांना सरासरी दोनपेक्षाही कमी जादा भेटी लागल्या. यावरून चाळीस भेटींचं पॅकेज सिद्ध होत नाही, हे उघड आहे.

प्र. १३. दर वेळी एक्स-रे काढतात, पायांची लांबी मोजतात. गरज असते का?

साध्या नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रेची गरज नसते, प्र. ९ मधलं काही असेल तर असते. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना हे सांगितलं.

पालथं झोपवून टाचा जुळवून 'एक पाय आखूड आहे' दाखवणं ही जुनी युक्ती. बूट किती ओढला, टाच कुठल्या कोनात धरली, कंबर किती वळली यावर टाचा पुढेमागे दिसतात. उपचारानंतर 'बघा, सारखे झाले' हेही तसंच घडवता येतं.

प्र. १४. महाराष्ट्रात हे करायचा अधिकार कुणाला आहे? पदवी कशी तपासायची?

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' लिहिलेलं असणं याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पूर्ण प्रशिक्षण म्हणजे किमान ४,२०० तास, त्यांपैकी एक हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतलं प्रमाणपत्र त्याच्या जवळपासही जात नाही.

तुमच्यासमोर साधारण तीन प्रकारची माणसं येतील: परदेशातून डी.सी. (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक) पदवी घेतलेली (तिथल्या नियामकाच्या यादीत नाव आहे का, ते ऑनलाइन पाहता येतं), मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायचे उपचार, शिकलेले बी.पी.टीएच. (फिजिओथेरपीची पदवी) झालेले फिजिओथेरपिस्ट, आणि व्हिडिओ पाहून किंवा आठवडाभराच्या कोर्सवर सुरू केलेले. फिजिओथेरपिस्ट असतील तर राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्याचा राग आला तर तेच उत्तर समजा.

प्र. १५. लहान मुलं आणि गरोदर बायकांना चालतं का?

मुलांना नको. फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही (प्र. ८) आणि हाडं-अस्थिबंध अजून कोवळे असतात. ऑस्ट्रेलियात कायरोप्रॅक्टिक बोर्डाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांच्या मणक्यांवर झटका द्यायला मनाई केली.

गरोदरपणात अस्थिबंध सैल झालेले असतात, त्यामुळे झटक्यापेक्षा सौम्य मोबिलायझेशन, व्यायाम आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी हे बरं. रक्तस्राव होत असेल किंवा पोटात कळा येत असतील तर टेबलावर नाही, प्रसूतितज्ज्ञांकडे जायचं.

प्र. १६. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात, हाडवैद्य आहेत, न्हावी मान मोडून देतो. हे आणि कायरोप्रॅक्टिक एकच का?

एकच नाही, पण नातं आहे. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. उसण हे मुळातच दोन-चार दिवसांत सुटणारं दुखणं आहे, त्यामुळे पायाळूला यश येतंच (प्र. ११). फार तर पाठीवरच्या दाबाने स्नायू थोडा सुटत असेल; जन्म कसा झाला याचा त्यात हात नाही. कुणी पाय नुसता टेकवत असेल तर नुकसानही नाही. वृद्ध बाईच्या पाठीवर कुणी चढून उभं राहू लागलं तर मात्र ठिसूळ मणका मोडू शकतो.

हाडवैद्य मोडलेल्या-निखळलेल्या हाडांचं काम करतात, मणके सरकल्याने दमा होतो असं ते म्हणत नाहीत. अडचण तिथे वेगळी आहे: एक्स-रेविना आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची वेळ येते. बोटं थंड, निळी किंवा बधिर पडली तर पट्टी लगेच सोडायची.

सलूनमध्ये चंपीनंतर मान दोन्हीकडे कटकन फिरवतात, ती प्र. १० मधलीच क्रिया असते, फक्त तपासणीविना आणि तुम्ही बेसावध असताना. खुर्चीत बसतानाच 'मान मोडू नका' सांगून टाका.

प्र. १७. वाय-स्ट्रॅप लावून मान ओढतात, त्याचं काय?

प्र. ६ आणि ७ मधले निष्कर्ष हाताने दिलेल्या मोजक्या झटक्यांचे आहेत. हनुवटी आणि डोक्यामागे पट्टा अडकवून अंगाच्या रेषेत मान हिसकण्याला ते लागू करता येत नाहीत. हाताने झटका देताना एका सांध्यावर रोख असतो. पट्ट्यात ओढ साऱ्या मानेला बसते आणि सांधा कुठे थांबतोय हे बोटांना कळत नाही. करून घेऊ नका.

प्र. १८. एमआरआयमध्ये डिस्क सरकलेली आहे, पायात कळ जाते. झटका चालेल का?

नुसत्या एमआरआयवरून ठरत नाही (प्र. ४). कळ गुडघ्याखाली जाते का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, बधिरपणा वाढतोय का, हे आधी तपासावं लागतं. ताकद कमी होत असेल तर झटका नाही. ताकद शाबूत असेल तर घाई नको. बाहेर आलेला डिस्कचा भाग शरीर बहुतेक वेळा काही महिन्यांत शोषून घेतं. झटक्याने तो 'आत ढकलला' जातो हे सांगणं चूक आहे. उपचाराने कळ कंबरेकडे सरकत असेल तर ते चांगलं लक्षण, पायात आणखी खाली उतरत असेल तर त्याच दिवशी थांबायचं.

प्र. १९. अमेरिका-इंग्लंडमध्ये कायद्याने मान्यता आहे. मग अशास्त्रीय कसं म्हणता?

परवाना म्हणजे सिद्धान्तावर शिक्कामोर्तब नव्हे. अमेरिकेत कॅन्ससने पहिला कायदा १९१३ मध्ये केला आणि लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनविरुद्ध कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये खटला भरला आणि १९८७ मध्ये जिंकला. तो हवाला नेहमी दिला जातो. पण निकाल होता संघटित बहिष्कार टाकून स्पर्धा दडपल्याबद्दलचा. उपचार गुणकारी आहे का, हा त्यातला मुद्दा नव्हता.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बिलावर 'सबलक्सेशन' दिसतं, त्याचं कारण वेगळंच आहे. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, १९७२ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांचा फक्त सबलक्सेशनवरचा हाताने उपचार बसवला गेला. त्यामुळे तो शब्द न मानणाऱ्यालाही फॉर्मवर लिहावा लागतो.

ब्रिटनमध्ये १९९४ चा कायदा आहे आणि 'कायरोप्रॅक्टर' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिथेच बालरोगांवरच्या दाव्यांबद्दल लिहिणाऱ्या सायमन सिंग या विज्ञानलेखकावर कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाचा निकाल सिंग यांच्या बाजूने लागला आणि संघटनेने दावा मागे घेतला.

प्र. २०. सिटिंगनंतर अंग दुखतंय. थांबू की जाऊ?

झटक्याच्या जागी ठणका, जखडल्यासारखं वाटणं, थकवा हे जवळजवळ निम्म्या लोकांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. शेक, हलकी हालचाल आणि नेहमीची कामं चालू ठेवा. तिसऱ्या दिवशीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर पुढची बैठक रद्द करून डॉक्टरांना दाखवा. 'विष बाहेर पडतंय' हे स्पष्टीकरण कुणी दिलं तर मान्य करू नका. प्र. ९ आणि १० मधल्या लक्षणांना मात्र ही दोन दिवसांची सवलत नाही.

प्र. २१. माझा कायरोप्रॅक्टर स्वतःच सबलक्सेशन मानत नाही. मग तो चालेल का?

चालेल. असे बरेच आहेत, आणि हा वाद या व्यवसायाच्या आतला आहे, पामरच्या काळापासूनचा. फक्त मणक्यांवर आणि मूळ तत्त्वज्ञानावर ठाम राहणारे एका बाजूला, इतर उपचारांची सांगड घालणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या गटातला चांगला माणूस आणि मॅन्युअल थेरपी जाणणारा फिजिओथेरपिस्ट यांच्या कामात कंबरदुखीपुरता फार फरक उरत नाही. मग निवड अंतर, फी आणि घरी करायला व्यायाम लिहून देतो की नाही यावर करा. फोनवरच विचारून घ्या: 'मानेला झटका न देता उपचार कराल का?' आणि 'चार आठवड्यांत फरक नाही पडला तर कुणाकडे पाठवाल?' दुसऱ्या प्रश्नाला नाव-पत्त्यासकट उत्तर मिळालं तर वेळ घ्यायला हरकत नाही.